सोलापुरात ‘बिग बॉस’ सगळ्यांनी मिळून बघायचंय? बार कसा शोधायचा

नोकरीसाठी किंवा शिकायला सोलापुरात नव्यानं आलेल्यांसाठी हे लिहितोय. कुणी एनटीपीसीत लागलेलं असतं, कुणी चिंचोळी एमआयडीसीत, कुणाची रेल्वेच्या विभागीय कार्यालयात बदली झालेली असते, कुणी मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतं. दिवस माणसांत जातो. रात्री मात्र खोलीवर मोबाइल भिंतीला टेकवून ‘बिग बॉस मराठी’ एकट्यानं बघायचं. हा कार्यक्रम एकट्यानं बघायचा नाहीच. कोण खोटं बोलतंय, कोण कुणाच्या जिवावर खेळतंय, कुणाला उगाच नॉमिनेट केलं, यावर शेजारच्याशी वाद घालता आला नाही तर निम्मी मजा गेली. नव्या गावात ओळखी व्हायलाही हा वाद फार उपयोगी पडतो. ऑफिसातल्या ज्या माणसाशी आजवर फक्त ‘नमस्कार’ झालाय, तो एका टास्कवरून तुमच्याशी अर्धा तास भांडतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन तुमच्या शेजारी येऊन बसतो.

सोलापुरात बार भरपूर आहेत आणि टीव्ही बहुतेक सगळीकडे आहे. अडचण आवाजाची आहे. क्रिकेटची मॅच मुक्या टीव्हीवरही बघता येते. धावा कोपऱ्यात दिसतात, चौकार गेला की डोळ्यांना कळतं. बिग बॉसचं तसं नाही. तिथं सगळा खेळ बोलण्याचा. कुणी स्वयंपाकघरात हळूच काय पुटपुटलं, त्यावरून पुढचा आठवडा पेटतो. आपल्या बारमध्ये टीव्ही मुका आणि स्पीकरवर गाणी, हीच रीत. म्हणून बार शोधताना टीव्ही केवढा आहे हे नंतर बघा. तिथं आवाज मिळेल का, हे आधी विचारा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवतीच आहेत.

कुठला भाग बघायचा ते आधी ठरवा

रोजचा भाग बारमध्ये बघायच्या भानगडीत पडू नका. खिसाही पुरणार नाही आणि माणसंही जमणार नाहीत. शनिवार-रविवार धरा. बिग बॉसच्या घरातल्या स्पर्धकांची हजेरी त्याच दोन दिवशी घेतली जाते. महेश मांजरेकर सूत्रसंचालक होते तेव्हा त्यांच्या नंतरच्या पर्वांत ती ‘चावडी’ होती; २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले आणि तिचा ‘भाऊचा धक्का’ झाला. एकत्र बघायला याहून चांगला भाग नाही. आठवडाभर रोजचे भाग चुकलेल्यालाही त्यात कुणाचं काय झालं हे कळतं, शिवाय कोण घराबाहेर जाणार याची धाकधूक असतेच.

दुसरा दिवस महाअंतिम सोहळ्याचा. पहिल्या पाचही पर्वांचे अंतिम सोहळे रविवारीच झाले: २२ जुलै २०१८, १ सप्टेंबर २०१९, २६ डिसेंबर २०२१, ८ जानेवारी २०२३ आणि ६ ऑक्टोबर २०२४. तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी जागा सांगून ठेवा. अंतिम सोहळा लांबतो, नाच-गाणी चालतात, विजेत्याचं नाव उशिरा येतं. सोमवारी सकाळची पाळी असलेल्यांना हे आधी सांगा, म्हणजे ऐन वेळी कुणी ‘निघतो’ म्हणणार नाही.

वरच्या तारखा पाहिल्या तर लक्षात येईल की या कार्यक्रमाला ठरलेला मोसम नाही. पहिलं पर्व एप्रिलमध्ये सुरू झालं, दुसरं मे अखेरीस, तिसरं सप्टेंबरमध्ये, चौथं २ ऑक्टोबरला, पाचवं २८ जुलैला. पाचवं तर सत्तर दिवसांतच आटोपलं. आधीची साधारण शंभर दिवसांची होती. वेळही बदलते, २०२४ मध्ये रात्री ९ ची होती. म्हणून दरवर्षी नव्यानं आखणी करावी लागते, आणि इथं सोलापूरचं स्वतःचं पंचांग मध्ये येतं.

पंचांग आणि बार

बाहेरून आलेल्यांच्या हे पटकन ध्यानात येत नाही. सोलापूर खाण्यापिण्याच्या बाबतीत वार पाळणारं गाव आहे. सोमवार सिद्धरामेश्वराचा, गुरुवार दत्ताचा आणि जवळच्या अक्कलकोटच्या स्वामींचा, शनिवार मारुतीचा. घरोघरी यातला कुठला ना कुठला वार पाळला जातो. रविवार मटणाचा, त्या रात्री हॉटेलं तुडुंब असतात. म्हणजे शनिवारी तुमच्या गटातले दोघंतिघं शाकाहारी असणार आणि रविवारी मालकाला तुमच्याशी बोलायलाही सवड नसणार. माझं मत विचाराल तर नेहमीच्या आठवड्यात शनिवार चांगला. गर्दी कमी, मालक निवांत. पनीर, मसाला पापड आणि शेंगदाण्यावर शाकाहारी मंडळींचंही भागतं.

श्रावणात तर बारवाले स्वतःहून मोकळे असतात. २०२४ मध्ये ५ ऑगस्टला श्रावण लागला तेव्हा पर्व जेमतेम आठवड्याचं झालं होतं, म्हणजे जवळजवळ पुढचा महिनाभर आतला हॉल मागणाऱ्याला तो सहज मिळण्यासारखा होता. मग ७ सप्टेंबरला गणपती बसले. सोलापूरच्या गणेशोत्सवात लेझीम असते. मंडळांचा सराव, देखावे, मिरवणुका यात तरुण पोरं अडकलेली असतात आणि पेठांमधले रस्तेही. अंतिम सोहळा आला तो नवरात्रात. त्या दिवसांत कित्येकांचे उपवास असतात. अशा वेळी बारचा हट्ट सोडावा आणि शेवटी दिलेला दुसरा मार्ग धरावा. मित्राचा उपवास मोडून एकत्र बसण्यात काही अर्थ नाही.

कोजागिरीचं वेगळं. त्या सुमारास हजारो लोक सोलापुरातून तुळजापूरला चालत जातात आणि तो रस्ता वाहनांना बंद होतो. तुळजापूर रोडवरची जागा त्या आठवड्यात धरू नका. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. होम मैदान, पार्क चौक, रंगभवन या भागात संक्रांतीच्या आसपास गाडी घालण्यापेक्षा चालत गेलेलं बरं.

ड्राय डे बघून ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ठरलेले. निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. विसर्जनासारख्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, तो पेपरात येतो.

माणसं किती, कोण

सहा ते आठ जण असले की बरं. त्याहून कमी असले तर मालक हॉल उघडत नाही; जास्त झाले तर टीव्हीपेक्षा तुमचाच आवाज मोठा होतो. गटात मुली असतील तर पहिल्यापासून ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी असलेलीच जागा शोधा. साध्या परमिट रूममध्ये बायकांना कुणी अडवणार नाही, पण तिथली बैठक, नजरा आणि स्वच्छतागृह यांचा विचार केला तर त्यांना तिथं मोकळेपणानं बसता येत नाही, आणि मग कार्यक्रम कसला बघणार? फॅमिली सेक्शनमध्ये टीव्ही आहे का, हे मात्र वेगळं विचारावं लागतं. पुष्कळ ठिकाणी टीव्ही पुरुषांच्या बाजूला असतो.

वयाचं मनावर घ्या, विशेषतः कॉलेजातल्यांनी. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५. दारू पिण्यासाठी परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना बारमध्येच करून मिळतो. गटात कुणी कमी वयाचं असेल तर बार नकोच. न पिणारा मित्र असेल तर त्याला खुशाल बोलवा. त्याच्यासमोर थंड सोडा आणि शेंगदाण्याची बशी आली की कुणी काही विचारत नाही. त्याला ‘घे की एक’ म्हणून छळणारा माणूस गटात असेल तर पुढच्या वेळी त्या माणसाला बोलवू नका.

कुठल्या भागात शोधायचं

मी एकाही हॉटेलाचं नाव देत नाही. मॅनेजर बदलला की त्या जागेचा स्वभाव बदलतो, आणि आज चांगली असलेली जागा पुढच्या पर्वापर्यंत तशीच राहील याची खात्री नाही. भाग सांगतो.

स्टेशनच्या आसपास लॉज आणि परमिट रूम दाटीनं आहेत. तिथलं गिऱ्हाईक गाडीच्या वेळेत असतं. येतो, पितो, उठतो. तासदीड तास टीव्ही अडवून बसणारा गट तिथं कुणाला परवडत नाही. नवी पेठ, पार्क चौकात बाजाराची गर्दी, गाडी लावायची पंचाईत. सात रस्त्यापासून पुढं होटगी रोड, आसरा चौक, जुळे सोलापूर आणि विजापूर रोड हा पट्टा मला या कामासाठी सगळ्यात योग्य वाटतो. वस्ती नवी, हॉटेलं ऐसपैस, पार्किंग असतं. वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी बांधलेला छोटा एसी हॉल कित्येकांकडे असतो आणि पार्टी नसली की तो रिकामाच पडून असतो. तुम्हाला हवा आहे तो नेमका हाच हॉल. दार लावलं की बाहेरची गाणी बाहेर राहतात आणि तुमचा टीव्ही मोठ्यानं लावता येतो.

पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, साखर पेठ, अक्कलकोट रोडच्या बाजूला शोधणार असाल तर आधी एक समजून घ्या. यंत्रमागाचा हा भाग पद्मशाली समाजाचा, घरातली भाषा तेलुगू. तिकडे बिग बॉस म्हटलं की स्टार मा वाहिनीवरचा नागार्जुनचा तेलुगू बिग बॉस डोळ्यासमोर येतो. विजापूर आणि अक्कलकोटच्या दिशेची कन्नड बोलणारी माणसं कलर्स कन्नडवर सुदीपचा बघतात. हिंदीतला सलमानचा तर सगळेच बघतात. एकाच गावात चार भाषांतले चार बिग बॉस, आणि प्रत्येकाचे कट्टर पाठीराखे! दोन पर्वं एकाच वेळी चालू असली तर एका टीव्हीसाठी दोन टेबलं समोरासमोर येऊ शकतात. अशा वेळी भाषेचा मुद्दा काढू नये. कुणाचा भाग आधी आहे, कुणाचा नंतर, हे विचारून वाटून घ्यावं. समोरच्या टेबलाबरोबर थोडा वेळ त्यांचा कार्यक्रम बघा. शब्द कळले नाहीत तरी कोण कुणावर चिडलंय हे कळतं, आणि समजावून सांगायला ती माणसं आनंदानं पुढं येतात.

महामार्गावरच्या धाब्यांबद्दल स्पष्ट लिहितो. पुणे रोड, हैदराबाद रोड, मंगळवेढा रोडवर जेवण झकास मिळतं. पण परवाना नसलेल्या धाब्यावर बाटली नेऊन बसणं हा गुन्हा आहे. दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली मालकावर आणि कलम ८४ खाली तिथं बसून पिणाऱ्यावर, अशी दोघांवर कारवाई होते. राज्य उत्पादन शुल्क विभागानं सोलापूर जिल्ह्यात असे छापे घातले आहेत आणि ग्राहकांनाही कोर्टात दंड झाले आहेत. नोकरीला नवीन असताना हे नको. धाब्यावर जायचं तर नुसतं जेवायला जा. बिअर शॉपीचंही तसंच; ती विकत घेण्याची जागा आहे, तिच्या दारात उभं राहून पिण्याची नाही.

आधी एकदा नुसतं जाऊन या

गट घेऊन थेट जाऊ नका. आधी दोघांनी जावं, मंगळवारी किंवा बुधवारी, आणि जावं ते रात्री नऊच्या सुमारास. दुपारी सगळीच हॉटेलं शांत आणि चांगली दिसतात. एक एक थंड मागवा, काहीतरी खा आणि बघा.

टीव्ही कुणाच्या डोक्यावर आहे? बऱ्याच ठिकाणी तो गल्ल्याच्या वर, मालकाला दिसेल असा लावलेला असतो आणि गिऱ्हाइकांच्या माना दुखतात. आठ जणांना मान न वळवता दिसेल असं टेबल लागेल का? स्पीकरवरची गाणी कुठल्या भागात ऐकू येतात? गाण्यांचा आवाज एका खोलीपुरता बंद होतो की सगळीकडे एकदम? एकच अँप्लिफायर असेल तर तुमच्यासाठी अख्ख्या हॉटेलची गाणी बंद करणं मालकाला जड जाईल; ती जागा सोडा.

मग वाहिनी. ‘बिग बॉस मराठी’ लागतं ते कलर्स मराठीवर. हॉटेलं सेटटॉप बॉक्सवर बहुधा क्रीडा वाहिन्या आणि गाण्यांचं पॅकेज घेतात. ‘कलर्स मराठी दिसतं का’ असं विचारलं तर वेटर ‘दिसतं की’ म्हणणार; तो खोटं बोलत नसतो, त्यानं कधी लावून पाहिलेलं नसतं. म्हणून तिथल्या तिथं लावून दाखवायला सांगा. वाहिनी नसेल तर ‘माझ्या मोबाइलवरून जिओहॉटस्टार लावतो’ असा पर्याय कुणीतरी काढतोच. तो टाळा. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, धंद्याच्या जागी सगळ्यांना दाखवायला नाही. शिवाय आठ जणांचे मोबाइल एकाच वायफायवर असले की ऐन वेळी चाक फिरत बसतं. पॅकेजमध्ये एक वाहिनी वाढवून घेणं मालकाला फार महाग पडत नाही. तुम्ही दर शनिवारी येणार असाल तर तो घेतो.

वीज गेली तर काय, हेही विचारा. जनरेटर असेल तर दिवे परत येतात, पण सेटटॉप बॉक्स पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि नेमकं तेवढ्यातच कुणीतरी घराबाहेर जातं. टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर असलेली जागा मिळाली तर ती धरून ठेवा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा एसी हॉल की गार्डन हा प्रश्न उरत नाही. पावसाळ्यानंतर गार्डनमध्ये हवा छान असते, पण बाहेर टीव्हीचा आवाज हवेत विरतो. बिग बॉससाठी चार भिंतीच बऱ्या.

धुराचंही बघा. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, तरी बंद एसी हॉलमध्ये कुणी सिगारेट पेटवली तर बाकीच्यांनी काय करायचं? मॅनेजर त्याला उठवतो का, हे त्या पहिल्या भेटीतच दिसतं.

मॅनेजरशी बोलणं

रिमोट ज्याच्या हातात तो खरा मालक. मग ते गल्ल्यावरचे शेठ असोत, कॅप्टन असो वा जुने वेटर मामा. आधी तो माणूस कोण ते ओळखा आणि त्याच्याशीच बोला. नंतर येणाऱ्या पाळीतल्या माणसाला माहिती नसेल तर सगळं पाण्यात जातं, म्हणून ‘शनिवारी रात्री गल्ल्यावर कोण असतं’ हेही विचारून ठेवा.

बोलणं सरळ असावं: ‘ओ मालक, शनिवारी आम्ही आठ जण येतोय. जेवणखाण सगळं इथंच. आतल्या हॉलमध्ये कलर्स मराठी लावून द्याल का, आवाजासकट? नऊ ते साडेदहा.’

बहुधा उत्तर येतं, ‘लावू की ओ. पण मॅच असली तर बघा, गिऱ्हाईक ऐकत नाही.’

इथं अडून बसू नका. मॅच बाहेरच्या टीव्हीवर, आपलं आत, असं सुचवा. आतबाहेर मिळून एकच टीव्ही असेल तर मॅचच्या दिवशी येणार नाही असं स्वतःच सांगून टाका. क्रिकेट बघायला आलेल्या वीस माणसांसमोर बिग बॉस लावायला सांगणं त्या मालकावर अन्याय आहे. पर्व मार्च ते मे या काळात आलं तर आयपीएलचं वेळापत्रक समोर ठेवूनच शनिवार निवडा. पहिलं पर्व आयपीएल चालू असतानाच सुरू झालं होतं.

हॉलसाठी वेगळं भाडं मागितलं तर ‘इतक्या रुपयांचं बिल नक्की होईल’ अशी बोली करा. भाड्यापेक्षा हे दोघांनाही बरं. आकडा कागदावर नाही तरी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. थोडी आगाऊ रक्कम द्या आणि शनिवारी संध्याकाळी सहाला एक फोन करा: ‘मालक, आठ जण, नऊ वाजता, आतला हॉल.’ हा फोन कधीही चुकवू नका. जागा ऐन वेळी हातची जाते ती बहुतेक वेळा याच एका फोनअभावी.

त्या रात्री

साडेआठला पोचा. खुर्च्या टीव्हीकडे वळवून घ्या, वाहिनी लावून आवाज तपासा, पहिली ऑर्डर भाग सुरू व्हायच्या आत द्या. पुढच्या ऑर्डरी जाहिरातींच्या वेळी. वेटरला हे आधी सांगितलंत तर तो स्वतःच जाहिरात लागली की येऊन उभा राहतो. नाहीतर नेमका वादाच्या क्षणी तो टीव्हीसमोर उभा राहून ‘अजून काही?’ विचारणार.

खायला काय? हातानं उचलता येईल असं. टीव्हीवर डोळे ठेवून रस्सा-भाकरी कुस्करता येत नाही. शीक मिळत असेल तर तो मागवाच. निखाऱ्यावर भाजलेलं मटण ही सोलापूरची खासियत आहे आणि गप्पांमध्ये पुरतंही. शाकाहाऱ्यांना कडक भाकरीचे तुकडे, वर शेंगा चटणी आणि दही. ही चटणी इतर कुठल्याही चकण्याला हरवते, हे मी अगदी मनापासून सांगतो. मटणाचा काळा रस्सा आणि गरम भाकरी कार्यक्रम संपल्यावर, निवांत.

बोलण्याचा एक नियम पहिल्याच दिवशी ठरवा: टीव्हीवर कुणी बोलत असताना गप्प, जाहिरातीत हवं तेवढं भांडा. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. स्पर्धकाच्या खेळावर बोला. त्याच्या जातीवर, दिसण्यावर, बोलीवर नाही. पाचवं पर्व बारामती तालुक्यातल्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणनं जिंकलं आणि २००५ मध्ये पहिला ‘इंडियन आयडॉल’ झालेला अभिजीत सावंत उपविजेता ठरला. खेड्यातला रीलस्टार की कसलेला गायक, यावर घराघरांत मतं फाटली होती. असा वाद रंगतो तेव्हा टेबलावर त्याच खेड्यातून, त्याच परिस्थितीतून आलेला कुणीतरी बसलेला असतो. तो घरी दुखावून जाऊ नये.

भाग मोबाइलवर आधीच बघून आलेला किंवा सोशल मीडियावर कोण बाहेर गेलं ते वाचून आलेला माणूस गटात असतोच. त्याला तोंड बंद ठेवायला सांगा, प्रेमानं पण स्पष्ट. मतदान ज्याचं त्यानं आपापल्या मोबाइलवर करावं. मित्राचा मोबाइल घेऊन त्याच्या नावानं मत टाकणं बरं नाही. आणि व्हिडिओ काढाल तर आपल्या टेबलापुरताच. मागच्या टेबलावरची माणसं, विशेषतः फॅमिली सेक्शनमधल्या बायका, तुमच्या रीलमध्ये दिसता कामा नयेत. सोलापूर मोठं दिसलं तरी इथं सगळे एकमेकांना ओळखतात.

बिल आणि घरी जाणं

बिलात दोन कर वेगवेगळे दिसतील: जेवणावर जीएसटी, दारूवर व्हॅट. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्क्यांवर गेला. त्यामुळे न पिणाऱ्याचा हिशेब वेगळा काढणं न्यायाचं. एकूण बिल आठांत सरसकट भागू नका. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो. पण ज्या वेटरनं दीड तास जाहिरातींकडे लक्ष ठेवून तुमची सेवा केली, त्याच्या हातात स्वतंत्र काहीतरी ठेवा. पुढच्या शनिवारी रिमोट तुमच्याकडे येतो तो त्याच्यामुळे.

पिऊन गाडी चालवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टेशनवर रात्री रिक्षा मिळतात. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या आतल्या भागात अकरानंतर मिळतीलच असं नाही. ओळखीच्या रिक्षावाल्या मामांना आधीच वेळ आणि भाडं सांगून ठेवा, किंवा न पिणाऱ्या मित्राकडे गाड्यांच्या किल्ल्या द्या. गटातल्या मुली घरी किंवा हॉस्टेलवर पोचल्याचा मेसेज येईपर्यंत बाकीच्यांनी झोपू नये. हॉस्टेलच्या दाराची वेळ आधी विचारून घ्या. ती दहाची असेल तर त्या रात्री बार नको.

बार जमलाच नाही तर

नवरात्र, ड्राय डे, मॅच, महिनाअखेर, कारणं पुष्कळ. अशा वेळी कुणाच्या तरी खोलीवर किंवा गच्चीवर जमा. एकाच्या घरी कलर्स मराठीचं कनेक्शन असलं की झालं. मात्र घरमालकांना आधी विचारा आणि त्यांनाही बोलवा. बऱ्याच घरांतल्या काकू हा कार्यक्रम आपल्याहून बारकाईनं बघतात, आधीच्या सगळ्या पर्वांचे दाखले त्यांच्या तोंडी असतात. विजेत्याचा अंदाज त्यांना विचारून बघा. जेवण खानावळीतून पार्सल आणा, शेंगा चटणी आणि कडक भाकरी कुणाच्या ना कुणाच्या डब्यात असतेच. आवाज दहानंतर कमी करा, खालच्या मजल्यावर लहान मुलं झोपलेली असतात.